रुग्णालयात वाट दाखवणारे हवेत

गेली चार वर्षे मी आमच्या भागातल्या सार्वजनिक रुग्णालयात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठल्या खिडकीवर द्यायचे, एवढेच सांगायचे असते.

गेल्या महिन्यात एक आजी एक्स-रेची पिशवी छातीशी धरून तासभर औषधांच्या रांगेत उभ्या होत्या. नंबर लागला तेव्हा कळले, आधी ईसीजी काढायचा होता. चिठ्ठीवर तसे लिहिले होते, इंग्रजीत. "पोरी, विचारायचं कुणाला? सगळेच घाईत," म्हणाल्या. त्यांचा हात धरून नेले, तर दहा मिनिटांत काम झाले.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. रेशनकार्ड गावाकडे राहते आणि ते आणायला मुलाचा एक दिवसाचा रोज बुडतो. योजनेच्या कक्षात आरोग्यमित्र बसतात, पण रुग्ण तिथवर पोचायला तर हवा! परिचारिकांना दोष देता येत नाही. एकेकीकडे किती खाटा असतात ते मी दर वेळी बघते.

रुग्णालयांनी दारातच एक टेबल, दोन खुर्च्या आणि स्वयंसेवकांना ओळखपत्रे द्यावीत. पाट्या मराठीत, ठळक अक्षरांत लावाव्यात. निवृत्त मंडळींनी आठवड्यातली एक सकाळ द्यावी. आमच्याकडे सध्या आम्ही तिघीच आहोत आणि सोमवारी तर कुणीच नसते.

– एक वाचक, पुणे