गिझरच्या पाण्याचा वास

लातूर,
रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, गिझरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतोय, आता नवाच आणतो. अरे थांब. पैसे घालू नकोस, आधी माझं ऐक.

दिवाळीत आम्ही पंधरा दिवस गावाकडं होतो. परत आल्यावर आई पहाटे अंघोळीला गेली अन् तशीच बाहेर आली. म्हणाली, “या पाण्यानं अंघोळ करून देवाला हात कसा लावू?” माझ्या पोटात कालवलं. मला वाटलं बोअरच नासला. आपल्याकडं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात पाडलेला हा बोअर. मी वरची टाकी घासली, पण वास तसाच. मग एक बादली गार, एक गरम भरून शेजारी ठेवली. गारला काहीच नाही, गरम पाण्याला मात्र नाक धरावं लागलं. तू हे आधी कर. गारही वासत असेल तर दोष बोअरचा किंवा टाकीचा.

गिझर उघडला तेव्हा मिस्त्रीनं आतला मॅग्नेशियमचा रॉड दाखवला. करंगळीएवढा उरलेला, अंगभर खड्डे, वर पांढरा क्षार. टाकीला गंज लागू नये म्हणून तो स्वतः झिजतो. पण पाण्यात सल्फेट असलं आणि ते कोमट, साचून राहिलं, की त्यात वाढणारे जिवाणू सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. या रॉडमुळं त्यांना आणखी जोर येतो. वास त्या वायूचा. बिल वाचवायला मी गिझर ४५ अंशावर ठेवायचो, तीच माझी चूक.

आम्ही वीज तोडली, टाकी रिकामी केली, क्षार धुऊन काढला, ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड बसवला. रॉड काढून तसंच चालवू नकोस, टाकी गंजेल. नंतर पाणी ६० अंशांच्या वर तापवून तासभर ठेवलं अन् सगळ्या गरम नळांतून सोडलं. तेव्हा पोरांना मोरीत येऊ देऊ नकोस, कातडी भाजते. ते पाणी ओतून देताना जीव तुटला, म्हणून निववून लिंबाच्या झाडाला घातलं.

आता आई रोज पहिली अंघोळ करते.

मिस्त्रीला बोलावशील तेव्हा गिझरचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, तू स्वतः पाड, त्याच्यावर सोडू नकोस. अन् रॉड काढला की फोन कर, किती उरलाय ते सांग. काकूंना नमस्कार.

तुझाच,
विठ्ठल