एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आले, तर पुढची तपासणी त्याच रक्तातून व्हावी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी सोलापुरात लॅब टेक्निशियन आहे. ऑपरेशन ठरले किंवा बाळंतपण जवळ आले की रुग्णाचे रक्त आमच्याकडे येते. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू. त्याच्या तपासणीच्या कार्डावर दुसरी रेघ उमटली की आम्ही रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहितो आणि कागद नातेवाइकांच्या हातात देतो. पुढे काय करायचे, हे त्या कागदावर कुठेच नसते.

हे कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. हिपॅटायटिस सी झालेल्या शंभरातले साधारण ३० जण सहा महिन्यांत औषधाशिवाय बरे होतात, तरी प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्यांचेही तसेच. उलट लागण ताजी असेल, तर पहिले दोन-अडीच महिने कार्ड निगेटिव्ह येऊ शकते. डायलिसिसच्या रुग्णांत तर पुढेही. विषाणू आज रक्तात आहे का, हे कळायला विषाणूलाच थेट शोधणारी आरएनए पीसीआर ही तपासणी लागते.

विड्या वळून घर चालवणाऱ्या एका बाईंचे ऑपरेशन अशाच कागदावरून एका खासगी दवाखान्याने पुढे ढकलले. घरच्यांनी त्यांचे ताट-तांब्या वेगळा केला. हा आजार रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्याने नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढे पीसीआर झाली, तेव्हा विषाणू सापडला नाही. मला याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या रुग्णांची. काही दुखत-खुपत नाही म्हणून ते कागद कपाटात ठेवून देतात, आणि यकृत आतून खराब होत राहते.

२०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले ९५ हून अधिक बरे होतात. एवढे सगळे हाताशी असून माणूस दोन तपासण्यांच्या मध्येच गळतो, हे मला सहन होत नाही.

म्हणून विनंती आहे. रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या प्रत्येकाची पीसीआर त्याच वेळी काढून ठेवलेल्या रक्तातून, पुन्हा न बोलावता व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये हीच शिफारस केली आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याहून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेळेत वेगळा करून थंड पेटीतून पाठवता येतो. त्यासाठी कोणाची मजुरी बुडायला नको. आणि रिपोर्टवर मराठीत छापा: ‘ही प्राथमिक तपासणी आहे. आजार आज आहे की नाही, हे पीसीआरनंतरच ठरेल.’ आमच्या सोलापुरात हेच तेलुगू आणि कन्नडमध्येही लागेल.

हा आदेश खासगी लॅबनाही लागू करावा.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, सोलापूर