‘आता एक पदार्थ परत आणू या’ : आहारतज्ज्ञ ताईंना जाहीर आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव जाहीरपणे लिहू नये अशी आपली इच्छा आहे, म्हणून या पत्रात आपल्याला केवळ ‘ताई’ म्हणतो. आपल्याकडे मी प्रथम आलो ते २०१७ च्या जून महिन्यात. हातात एक जाड फाईल होती. तिच्यात दोन कोलोनोस्कोपी, तीन सोनोग्राफी आणि रक्ताच्या व शौचाच्या तपासण्यांचे कितीतरी कागद होते, आणि जवळजवळ प्रत्येकावर ‘नॉर्मल’ असा शेरा होता. २००८ च्या पावसाळ्यात मला ताप आणि जुलाब झाले. ताप आठवड्यात उतरला, पण पोट पूर्वीसारखे झाले नाही. पुढील नऊ वर्षे दुखणे, फुगणे, सकाळी चार-चार वेळा शौचास जाणे आणि मधूनच दोन दिवस काहीच न होणे, असा क्रम चालू राहिला. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हे नाव मला सांगण्यात आले होते. परंतु ते ज्या स्वरात सांगण्यात आले, त्याचा अर्थ मी ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असाच घेतला. घरीदारीही ‘मनाचे आहे, टेन्शन घेऊ नकोस’ याहून वेगळे कोणी बोलत नव्हते.

आपण फाईल बाजूला ठेवलीत आणि आधी वेगळेच प्रश्न विचारलेत. शौचातून रक्त जाते का, रात्री झोपेतून उठून जावे लागते का, हिमोग्लोबिन कधी कमी झाले होते का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला आहे का. माझे वजन सहा किलो उतरले होते. ते मी खाणे कमी केल्यामुळे उतरले की अन्य कारणाने, हे गृहीत न धरता आपण मला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलेत आणि सोबत सीलिअॅक रोगाच्या, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रक्ततपासणीविषयी चिठ्ठी दिलीत. ‘ही तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते,’ हे आपले वाक्य मला आजही आठवते. पोटाच्या तक्रारीवर जो तो ‘गहू बंद करा’ म्हणून सांगत असताना, बंद करण्याआधी थांबा असे सांगणारी मला भेटलेली पहिली व्यक्ती आपणच.

तपासणी निर्दोष आली, वजनाचे कारण माझे अर्धपोटी राहणे हेच निघाले, आणि मग आपण मला हा आजार समजावून दिलात. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचा दोन्ही दिशांनी सतत संवाद चालतो. आयबीएसमध्ये आतड्याची रचना बिघडत नाही, हा संवाद बिघडतो. मी जत्रेच्या नाटकांत काम करीत असे, हे कळल्यावर आपण माईकचे उदाहरण दिलेत : माईकचा आवाज वाढवून ठेवला तर विंगेतील कुजबुजही प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, त्याचप्रमाणे इतरांना जाणवतही नाही एवढा वायू माझ्या पोटात वेदना होऊन उमटतो. म्हणजे वेदना खरी होती. नऊ वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि ते ऐकताना माझे डोळे भरून आले होते हे आपल्या लक्षात आले असेलच. यातून कर्करोग होत नाही, परंतु हा आजार दीर्घकाळ सोबत राहील, हेही आपण त्याच बैठकीत स्पष्ट सांगितलेत. खोटी आशा दाखवली नाहीत, त्याबद्दलही मी ऋणी आहे.

मात्र ज्या कारणासाठी हे पत्र मुख्यतः लिहावेसे वाटले, ते कारण आपण तयार केलेला कागद हे आहे. त्यापूर्वी मला एका ठिकाणी छापील आहारतक्ता मिळाला होता. त्यातील निम्मे पदार्थ आमच्या घरात कधी शिजलेच नव्हते. आपण कोरा कागद घेतलात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मी काय खातो ते मला सांगायला लावलेत. फॉडमॅप हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. या नावाने ओळखली जाणारी काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, ती पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने ती कमी करण्याची आहारपद्धती विकसित केली आहे. ही माहिती हल्ली कोठेही वाचता येते. परंतु कचेरीजवळच्या हॉटेलातील माझी रोजची पाव आणि पातळ भाजी म्हणजे गव्हातील फ्रुक्टान आणि वाटाण्यातील गॅलॅक्टन ही दोन्ही फॉडमॅप कर्बोदके एकाच बशीत, हे मला दुसरे कोण सांगणार होते? उकड्या तांदळाची पेज, बांगडा, कोकम यांना भिण्याचे कारण नाही, नारळ सोडायचा नसून त्याचे प्रमाण पाहायचे आहे, आणि काजू मूठभर खायचे नाहीत, हे सारे त्याच कागदावर उतरले.

हुमणाविषयी, म्हणजे आमच्या माशाच्या आमटीविषयी, आपण जे सांगितलेत त्याने माझी आई थक्क झाली होती. लसूण आणि कांदा यांतील फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून रसात शिजलेली लसूण मागाहून वेचून काढण्याचा काहीही उपयोग नाही, पण तेलात परतून काढून टाकलेल्या लसणीचे तेल चालते. आई कित्येक वर्षे माझ्या ताटातील आमटीतून कांद्याचे तुकडे एकेक करून वेचत असे आणि तरीही मला त्रास का होतो म्हणून स्वतःला दोष देत असे. तिचा तो दोष आपण एका वाक्यात दूर केलात. श्रावणातील शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण आमच्या घरी कांदा-लसणीविना होतेच, त्यामुळे ‘तोच हात वर्षभर चालवा, फक्त कडधान्ये सांभाळा’ ही सूचना तिला परकी वाटली नाही.

चार आठवड्यांनी मी आनंदाने सांगितले की पोट शांत आहे आणि आता मी आयुष्यभर हेच खाईन. त्यावर आपण जवळजवळ रागावलात. वर्ज्य करणे हा केवळ पहिला टप्पा असून तो सहा आठवड्यांपलीकडे ताणायचा नसतो, कारण जी कर्बोदके मला त्रास देतात त्यांच्यावरच आतड्यातील उपयुक्त जिवाणूही जगतात, असे आपण सांगितलेत, आणि म्हणालात, ‘आता एक पदार्थ परत आणू या.’ ताई, नऊ वर्षे मी केवळ सोडत आलो होतो. दूध, डाळ, आंबा, लग्नाच्या पंगती आणि शेवटी नाटकही. परत आणण्याची भाषा माझ्याशी कोणी केली नव्हती. एक पदार्थ, तीन दिवस, दररोज थोडे अधिक, मग विसावा, आणि वहीत नोंद. कांदा दुसऱ्याच दिवशी नापास झाला. दूध अर्ध्या कपापर्यंत चालले. मानकुराद आंब्याच्या दोन फोडी चालल्या, चारांनी रात्रभर जागवले. अशा नोंदी करता करता पोटाविषयीची भीती कमी होत गेली, कारण त्रास कोठून येतो आणि किती येतो हे मला प्रथमच ठाऊक झाले होते.

२०१२ च्या जत्रेत प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी भूमिका सोडली होती. मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात एका अंकापुरतेही रंगमंचावर अडकून पडणे मला अशक्य वाटू लागले होते, आणि खरे कारण मी दिग्दर्शकांना सांगू शकलो नव्हतो. आपल्याला हे सांगितल्यावर आपण प्रयोगाच्या दिवसाचे वेळापत्रकच आखून दिलेत. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढणे ही प्रत्येक शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, ती माझ्यात अधिक जोरदार होते, म्हणून शेवटचे जेवण संध्याकाळी लवकर आणि घरीच घ्यावे. सकाळी भरपूर पाण्यासोबत इसबगोल घ्यावे, त्या दिवशी नवा पदार्थ नको आणि चहा एकच. शिवाय दिग्दर्शकांना आजाराचे नाव सांगून टाकावे. ही शेवटची सूचना सर्वांत अवघड होती आणि सर्वांत उपयोगी तीच ठरली. २०१९ साली मी पुन्हा तोंडाला रंग लावला. भूमिका लहान होती, पण दोन्ही अंकांत होती.

आजार गेलेला नाही. गेल्या पावसाळ्यात सलग तीन आठवडे वाईट गेले, आणि फोंड्याहून पणजीला बसने जाताना बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर असे टप्पे मी अजूनही मनातल्या मनात मोजतो. डॉक्टरांनी मध्यंतरी रात्री घेण्यासाठी अॅमिट्रिप्टिलीनची अल्प मात्रा दिली. हे नैराश्याचे औषध असल्याचे वाचून माझी पत्नी घाबरली, तेव्हा एवढ्या कमी मात्रेत ते आतड्याच्या वेदनेसाठी देतात, हे आपणच तिला फोनवर शांतपणे समजावलेत. फोनचे शुल्क आपण कधी घेतले नाहीत. ते मी मोजून ठेवले आहे असे नाही, पण विसरलेलोही नाही.

आपला कागद स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. ‘परत आले’ या रकान्यात आईच्या हस्ताक्षरात आता एकोणीस नावे आहेत. अठरावे नाव मानकुरादचे आहे, प्रमाणासह. एकोणिसावे मनगण्याचे. चण्याची डाळ, नारळाचा रस आणि काजू असलेला हा पदार्थ माझ्या वाट्याला पुन्हा येईल असे मला वाटले नव्हते. अर्धी वाटी चालते, हे तीनदा तपासून मगच आईने ते नाव लिहिले.

येत्या गणेश चवथीला आपण सहकुटुंब आमच्याकडे जेवायला यावे, अशी आईची आणि आम्हा सर्वांची विनंती आहे. मनगणे आईच करणार आहे, आणि आपल्या शेजारच्या पानावर त्या दिवशी माझीही अर्धी वाटी असेल.

आपला कृतज्ञ,
फोंडा तालुक्यातील एक रुग्ण