माझ्या नायिकेला घर देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

माझ्या कादंबरीतल्या, एका मोठ्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या त्या काल्पनिक चंद्राचं हवामान एकदाचं जुळलं आणि पहिली आठवण तुमची आली. फोनवर मला धड बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

तुमच्याआधी बऱ्याच जाणकारांची दारं ठोठावली होती. ‘काल्पनिकच आहे ना, मग द्या ठोकून काहीही,’ असं एकांनी ऐकवलं. दुसऱ्यांनी समीकरणांचा ढीग पाठवला आणि पुढच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्या जगात माणसं नांदवायची, तिथे ऊन कधी पडतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक नको?

तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘तुमची नायिका चंद्राच्या कुठल्या अंगाला राहते?’ मग वहीच्या पानावर आकृती काढून तिचा फोटो पाठवलात. मोठा ग्रह, त्याची लांबलचक सावली, आणि इवल्याशा चंद्रावर एक घर. घराला दार, दारात उभी एक छोटी रेघ. म्हणजे ती! ताई, ती रेघ काढायची काहीच गरज नव्हती. तोवर ती बाई माझ्याशिवाय कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. मला रडूच आलं.

पुढचं सगळं त्या घरातूनच उलगडलं. चंद्राची कायम एकच बाजू ग्रहाकडे, त्यामुळे तिच्या आकाशात ग्रह उगवत नाही की मावळत नाही, एका जागी राहून कला तेवढ्या बदलतो. एक दिवस म्हणजे ग्रहाभोवतीची एक फेरी. गुरूच्या युरोपा या चंद्रासारखी साडेतीन दिवसांची फेरी धरली, तर बेचाळीस तास ऊन आणि तेवढीच रात्र. पण मध्यरात्री ग्रह पूर्ण उजळलेला, म्हणून मिट्ट काळोख नाही. ग्रह सूर्याला झाकतो ते ग्रहण लागायचं ऐन दुपारी.

घोडं अडलं होतं ऋतूंपाशी. मला कडक हिवाळाही हवा होता आणि बारा महिने दुपारचं ग्रहणही. ग्रह शनीसारखा २७ अंशांनी कललेला असेल आणि चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत असेल, तर ऋतू मिळतात. पण ऐन उन्हाळ्या-हिवाळ्यात चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो, हे तुम्ही दाखवलंत. शनीच्या टायटन या चंद्राचंही तसंच. ग्रहणं येतात विषुवदिनांच्या आगेमागे. म्हणजे ग्रहणांचाच एक हंगाम! भर दुपारी अंधारून येतं, जमीन निवते, समुद्रावरून येणारा वारा पडतो. गावाची पेरणी, सण, लग्नं, सगळं मी त्या हंगामाभोवती नव्याने मांडलं.

विद्वान पुष्कळ भेटतात. अनोळखी माणसाचं काम आपलं समजून त्यात डोकं घालणारी माणसं विरळा, आणि जग त्यांच्याच जिवावर चालतं असं मला मनापासून वाटतं.

आता चंद्राच्या मागच्या अंगाला राहणाऱ्यांचं प्रकरण घेतलंय. त्यांना ग्रह कधीच दिसत नाही, ग्रहणही नाही. लिहून झालं की पाठवू का?

तुमची ऋणी,
एक लेखिका