नकाशा छापायचा आहे, परवानगी कोणाकडे मागू?

मा. पर्यावरण व हवामान बदल मंत्री, गोवा राज्य, यांस खुले पत्र

मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो होतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून चालत एका मानशीपाशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापाशी, आलो. दाराच्या खालच्या फळ्या कुजल्या होत्या. भरतीचे पाणी त्या फटीतून आत येत होते आणि कोणीतरी चिखल-पेंढा कोंबून ते कसेबसे थोपवले होते. मानशीची त्या वर्षीची पावणी (लिलाव) ज्यांनी घेतली होती, ते गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे होते. मी पेपरवाला आहे हे कळताच म्हणाले, "तुमी सदांच बरयतात दर्या वयर सरता म्हण. आमच्या मानशीर उदक कितलें चडटलें तें बरयात पळोवया."

प्रश्न साधा होता. त्याचे निम्मे उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये होते. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

जगाचे उत्तर मिळायला वेळ लागला नाही. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी १९८८मध्ये स्थापन केलेल्या आयपीसीसी या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०२१च्या अहवालात ते आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली; २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. सोबतचा आलेख मला छापायचा होता. तो कसा छापावा हे आयपीसीसीने आपल्या संकेतस्थळावरच लिहून ठेवले आहे. मोजक्या आकृत्या आणि छोटे उतारे विनामूल्य, वेगळी लेखी परवानगी न मागता वापरता येतात. अहवालाचे पूर्ण नाव, प्रकाशक आणि पानाचा किंवा आकृतीचा क्रमांक द्यायचा, आणि आकृती जशी आहे तशीच ठेवायची. आमच्या आर्टिस्टला रंग थोडे भडक करायचे होते, त्याला नियम दाखवला. पाच मिनिटांत काम झाले.

गोव्याचे उत्तर एका प्रकल्प अहवालात होते. त्यात तिसवाडी तालुक्याच्या सखल भागाचा रंगीत नकाशा आहे आणि चोडण त्यात स्पष्ट दिसते. पहिल्याच पानावर इंग्रजीत एक ओळ आहे: पूर्वपरवानगीशिवाय यातला कोणताही भाग पुन्हा छापू नये. परवानगी कोणाची, ते मात्र लिहिलेले नाही. मी विचारत गेलो. एका कार्यालयाने अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीने कार्यालयाकडे. चार महिन्यांत तीन पत्रे लिहिली, त्यांतल्या एकाला उत्तर आले की हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. शेवटी एका टेबलावरच्या बाईंनी आपुलकीने सांगितले, "छापा हो, कोण बघतो?" मला हाच सल्ला सगळ्यात जड गेला, कारण छोट्या पेपरला नोटीस आली की संपादकांना बघावेच लागते. कार्यालयाचे नाव इथे घेत नाही. ते तुमच्याच खात्याचे होते असेही म्हणत नाही. बातमी आली, पण नकाशाविना. चोडणच्या त्या गृहस्थांना मी जगाची सरासरी देऊन परत आलो.

तुम्ही म्हणाल, आरटीआय टाका. गोवा या बाबतीत मागे नाही, हे मीही अभिमानाने सांगतो. देशाचा कायदा २००५चा, आपण १९९७मध्येच माहितीच्या हक्काचा कायदा केला होता. पण आरटीआयने कागदाची प्रत मिळते, तो छापण्याचा परवाना मिळत नाही. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पन्नाशीनंतर कळले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावर ६० वर्षे सरकारचा हक्क राहतो. म्हणजे आज निघालेला पुराचा नकाशा २०८०च्या पुढे मोकळा होणार. तोवर चोडणला काय झालेले असेल, ते त्या नकाशातच आहे.

कायद्यात वाटा आहेत, नाही असे नाही. चालू घडामोडींच्या बातमीसाठी वाजवी वापराची मुभा कलम ५२मध्ये आहे. त्याच कलमात असेही आहे की सरकारने नेमलेल्या समितीचा किंवा मंडळाचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवला गेला असेल, तर सरकारने मनाई केलेली नसल्यास तो पुन्हा छापता येतो. आता पूर्ण नकाशा म्हणजे 'वाजवी वापर' का, आणि सल्लागाराचा अहवाल म्हणजे 'समितीचा अहवाल' का, यावर पणजीतले दोन वकील तीन मते देतील. त्यांची फी देण्याइतका आमचा पेपर मोठा नाही. तुम्ही अहवालाच्या पहिल्या पानावरची ती एक ओळ बदललीत, तर वकिलाची गरजच पडणार नाही.

या आंतरराष्ट्रीय संस्था धुतल्या तांदळासारख्या आहेत, असा माझा अजिबात दावा नाही. आयपीसीसीची धोरणकर्त्यांसाठीची सारांश-पुस्तिका सरकारांचे प्रतिनिधी ओळीओळीवर वाद घालून मंजूर करतात, आणि त्या बैठकीत पत्रकाराला प्रवेश नसतो. कुठल्या देशाने कुठला शब्द मऊ करायला लावला, ते आम्हाला नंतर इकडून तिकडून कळते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेतही तेच. संपादकांचे पत्र, ओळखपत्र, मुदतीत ऑनलाइन अर्ज, एवढे केले की बिल्ला मिळतो. पण त्या बिल्ल्यावर मुख्य सभा आणि पत्रकार परिषदा गाठता येतात, खऱ्या घासाघिशीच्या खोल्या नाहीत. तिथे आम्ही कॉरिडॉरमध्ये ताटकळतो. मात्र कुठे जाता येईल, कुठे नाही, कुठला अहवाल कधीपर्यंत एम्बार्गोखाली आहे (म्हणजे छापायचा नाही), हे आधी लिहून दिलेले असते. भांडायचे तर त्या लेखी नियमाशी भांडता येते. आपल्याकडे भांडायलाही नियम सापडत नाही.

आणि जे खुले आहे, ते खरेच खुले आहे. २४ नोव्हेंबर २०२४, रविवारची पहाट. बाकूच्या हवामान परिषदेच्या सभागृहात अध्यक्षांचा हातोडा पडला आणि विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे लक्ष्य मंजूर झाले. लगेच भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी आक्षेप घेतला. हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रमापलीकडे फारसे काही नाही, असे त्या भर सभेत म्हणाल्या. मी हे डिचोलीत, घरच्या स्वयंपाकघरात, मोबाइलवर पाहत होतो. हॉलमध्ये मंडळी झोपली होती म्हणून कानात इयरफोन. एका हाताने चहाचे आधण ठेवले, दुसऱ्या हाताने टिपणे घेतली. बाकूला गेलेल्या बड्या पेपरांच्या वार्ताहरांपेक्षा माझी बातमी काही कमी नव्हती. (खरे तर नोव्हेंबरात गोव्यातला वार्ताहर इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या पासमागे असतो. हवामान परिषद बहुधा त्याच दिवसांत येते, हा आमचा दैवदुर्विलास.)

म्हणून आधीच सांगतो, गोव्यातून पत्रकारांचे शिष्टमंडळ परिषदेला न्या, असे मी म्हणत नाही. सरकारी तिकिटावर गेलेला वार्ताहर परतल्यावर काय लिहितो, ते तुम्हीही वाचता आणि आम्हीही वाचतो. त्यापेक्षा परिषद इथे भरते तेव्हा आमच्याकडे बघा. २०२३च्या जुलैमध्ये जी-२० देशांचे ऊर्जामंत्री गोव्यात जमले, २०२४च्या फेब्रुवारीत बेतूलला ऊर्जा सप्ताह झाला. जग आपल्या अंगणात येते. अशा वेळी यजमान राज्य म्हणून मराठी आणि कोकणी वृत्तपत्रांना कुठे बसता येईल, कुठले कागद कधी मिळतील, हे आठ दिवस आधी एका पानावर लिहून द्या. एकदा एका परिषदेच्या फाटकावर मला सुरक्षारक्षकाने विचारले होते, "लोकल की मीडिया?" दोन्ही, असे म्हटले तर त्याच्या यादीत तसा रकानाच नव्हता. तो बिचारा काय करणार!

आता भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे निम्मे आयुष्य यातच गेले आहे. आयपीसीसीचे अधिकृत कागद संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत निघतात; आपली त्यात नाही. आपण भाषांतर केले तर त्याखाली हे अधिकृत भाषांतर नाही, अशी टीप द्यावी लागते. ती मी निमूटपणे देतो. अडचण वेगळीच आहे. त्यांच्या भाषेत 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १०० टक्के. हे शब्द मोजून-मापून वापरलेले असतात. मराठीत आपण दोन्ही ठिकाणी 'शक्यता आहे' लिहून मोकळे होतो. आणि 'शक्यता आहे' हे वाचले की गोव्यातला माणूस छत्री घरी ठेवून बाहेर पडतो, इतकी त्या शब्दाची रया गेली आहे. मी काही वर्षे 'दाट शक्यता' आणि 'जवळपास निश्चित' असे लिहून पाहिले. मग लक्षात आले की त्यांच्याकडे 'व्हर्च्युअली सर्टन' अशी ९९ टक्क्यांच्या वरची आणखी एक पायरी आहे, आणि माझे 'जवळपास निश्चित' तर तिची जागा अडवून बसले आहे! आता मी सरळ टक्के लिहितो. संपादक म्हणतात बातमी गणिताच्या पेपरासारखी दिसते.

हे एकट्या वार्ताहराने स्वयंपाकघरात बसून ठरवायचे काम नव्हे. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. तिथल्या चार जाणकारांना आणि चार भाषेच्या माणसांना एका खोलीत बसवून शे-दीडशे शब्दांची मराठी आणि कोकणी सूची करायला कितीसा खर्च येणार? १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा केली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिली. तो जुना वाद मी इथे उकरत नाही. एवढेच सांगतो की इथल्या कित्येक घरांत बोलणे कोकणीत चालते आणि सकाळी हातात मराठी पेपर असतो. चोडणच्या त्या गृहस्थांच्या पंचाच्या घडीतही मराठी पेपरच होता. राज्याचा हवामान बदल कृती आराखडा त्यांच्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचणार नाही.

एक उदाहरण देतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. दक्षिण कोरियात सोंगदो इथे हरित हवामान निधीचे मुख्यालय आहे. त्या निधीने २०१८मध्ये भारताच्या किनारी भागासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचा एक प्रकल्प मंजूर केला. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र ही त्यातली राज्ये, आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग. त्याचा मूळ प्रस्ताव निधीच्या संकेतस्थळावर पडलेला आहे, कोणीही उघडावा. म्हणजे सीमेवरच्या तेरेखोल नदीपलीकडच्या कांदळवनांचे काय चालले आहे, ते मला सोंगदोहून वाचता येते. तेरेखोलच्या अलीकडचे वाचायचे, तर पर्वरीला सचिवालयात चार खेपा घालाव्या लागतात.

पॅरिस कराराच्या १२व्या कलमात देशांनी लोकांचा सहभाग आणि माहितीपर्यंत पोहोच वाढवावी असे म्हटले आहे, आणि भारताने तो करार २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्य केला. पण कलमे दाखवून तुम्हाला कोपऱ्यात घ्यायचे नाही. मागणी छोटी आहे. तुमच्या खात्याने पैसे मोजून करून घेतलेला हवामानविषयक प्रत्येक अहवाल, नकाशा आणि आकडेवारी यांच्या पहिल्या पानावर स्रोत नमूद करून छापण्यास व भाषांतर करण्यास मुभा आहे, असे लिहा. नवा परवाना शोधत बसायचे कारण नाही; केंद्राने २०१७मध्ये खुल्या डेटासाठी जो परवाना अधिसूचित केला, तो जवळजवळ जसाच्या तसा घेता येईल. सल्लागारांशी नवा करार करताना नकाशाचे हक्क सरकारकडे राहतील आणि सरकार ते लोकांना वापरू देईल, हे कलम आत घाला. जुन्या करारांत ते नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. निदान चकरा वाचतील. आणि राज्याचे अधिकारी बाहेर कुठे गोव्याविषयी सादरीकरण करतात, तेव्हा त्याच स्लाइड त्याच दिवशी इथेही टाका. परक्या मंडळींना जे दाखवायला हरकत नाही, ते सत्तरी-पेडण्याच्या माणसाला दाखवायला काय हरकत असावी?

छापताना आमच्याकडून चुका होतील. कोणी नकाशा कातरून अर्धाच लावील, कोणी 'गोवा बुडणार' असा मथळा देईल. आमच्या धंद्यात तसली मंडळी आहेत, मी नावानिशी ओळखतो. त्यासाठी आयपीसीसीची अट आपणही घालू: आकृती आहे तशी ठेवा, स्रोत द्या. मोडली तर खुलासा मागा. पण अट आधी लिहा.

पत्रासोबत त्या नकाशाची झेरॉक्स जोडली आहे. चोडणजवळ पेनाने केलेली फुली माझी आहे. ती मानस तिथे आहे. परवानगी द्यायची ठरल्यास कोऱ्या प्रतीवर द्यावी, फुली मारलेली प्रत छापणे नियमात बसणार नाही.

आपला,
डिचोलीचा एक मराठी वार्ताहर