ऐक्यसप्ताह आणि कोप्यांवरची एक संध्याकाळ

प्रिय बाबा आणि आई,

दोघांना सलाम.

बाबा, आपल्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीनं यंदाच्या, वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून करायच्या ऐक्यप्रार्थना सप्ताहाची आणि त्याला जोडून ऊसतोड कामगारांच्या आरोग्य तपासणीची जबाबदारी तुमच्यावर टाकली, याचा मला मनापासून आनंद झाला. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कुणी म्हणालंच की हा सप्ताह कॅथलिकांचा आहे, किंवा सीएनआयवाल्यांचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), तर त्याला शांतपणे सांगा. 18 ते 25 जानेवारीची ही प्रार्थना 1908 मध्ये अमेरिकेत एका अँग्लिकन धर्मगुरूंनी सुरू केली आणि 1968 पासून तिचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. 2013 चं साहित्य तर आपल्याच देशातल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीनं तयार केलं होतं. त्यात बायबलमधल्या मीखाचा सहावा अध्याय होता आणि दलितांवरच्या अन्यायाचा उघड उल्लेख होता. ते आजही वाचण्यासारखं आहे. आणि सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय झाली, ती तर तुमच्या तरुणपणातली गोष्ट.

आठही संध्याकाळी सभा ठेवू नका. तिसऱ्या दिवसापासून गर्दी ओसरते आणि मग कुणाच्या मंडळीतली माणसं कमी आली याची मोजदाद सुरू होते. तीनच ठेवा, 18, 21 आणि 25 तारखेला, साडेसहा ते साडेसात. पहिली कॅथलिक चर्चमध्ये, शेवटची आपल्याकडे, आणि मधली त्या वीस घरांच्या छोट्या मंडळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मधलीबद्दल लोक कुरकुर करतील. पण मोठ्या देवळात लहान मंडळी कायम पाहुणीच राहते, आणि एकदा का मोठ्यांना तिच्या सतरंजीवर बसावं लागलं की बोलण्याचा सूर बदलतो. बाहेर मांडव घाला म्हणजे जागेची अडचण होणार नाही. ज्यांच्याकडे सभा असेल त्यांच्या पाळकांनी त्या दिवशी उपदेश करायचा नाही, फक्त स्वागत करायचं. उपदेश दुसऱ्या मंडळीचा, तोही बारा मिनिटांचा. वेळ आधीच सांगा, नाहीतर चाळीस मिनिटं झाली तरी पास्टरांना थांबवायची हिंमत कुणाची होत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, मात्र मुळीच ठेवू नका. कॅथलिकांच्या नियमानं एरवी बाकीच्यांना त्यांच्या मिस्सामध्ये (उपासनेत) कम्युनियन, म्हणजे हेच प्रभुभोजन, घेता येत नाही आणि मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) हा विधीच नाही. अर्धी माणसं पुढं जाणार आणि अर्धी बाकावर बसून राहणार, हे ऐक्यसभेत फार लागतं. 1952 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं चर्चच्या प्रतिनिधींनी एक कसोटी मांडली होती: विवेकबुद्धी जिथं अडवते तेवढंच वेगळं करावं, बाकी सगळं मिळून करावं. मला हीच रीत योग्य वाटते. वाचन, पश्चात्ताप, मध्यस्थीची प्रार्थना आणि गाणी यांत कुठंच अडत नाही.

प्रभूची प्रार्थना कागदावर छापूनच द्या. शब्द थोडेफार वेगळे आहेतच, पण खरी अडचण शेवटी येते. कॅथलिक लोक 'वाइटापासून सोडव'पाशी आमेन म्हणून थांबतात आणि आपले लोक 'राज्य, सामर्थ्य, गौरव' म्हणत पुढं जातात. अर्ध्या चर्चचे डोळे उघडलेले, अर्ध्याचे मिटलेले, आणि सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. कोणता मजकूर घ्यायचा ते फादरांशी आधीच ठरवा. गाण्यांचंही तसंच. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातले क्रमांक दुसऱ्यांच्या पुस्तकात जुळत नाहीत, म्हणून शब्द छापा. पेटी, तबला आणि झांजांवर चालणारी ना. वा. टिळकांची भजनं घ्या. की-बोर्डचा मोठा संच आणला की ज्यांचा संच तेच गातात आणि बाकीचे ऐकत बसतात.

पेंटेकॉस्टल भाऊबहिणी सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, कॅथलिकांना ठरलेल्या शब्दांची सवय असते. यातलं काहीच कापू नका. मोकळ्या प्रार्थनेला चार मिनिटं द्या, मग घंटा, मग एक मिनिट शांतता आणि त्यानंतर लिखित प्रार्थना. सगळ्यांनी एकमेकांची पद्धत एकदा तरी आतून अनुभवावी. उभं राहायचं, बसायचं, गुडघे टेकायचे, हे दर वेळी मोठ्यानं सांगायला एक माणूस नेमा.

पैशांबाबत जपून राहा. समाईक पेटी करण्यापेक्षा प्रत्येक मंडळीनं एकेक वस्तू उचलावी: चहा एकाकडे, मांडव दुसऱ्याकडे, औषधं तिसऱ्याकडे. तिन्ही सभांचं अर्पण दोन वेगवेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी मोजावं आणि रक्कम त्याच संध्याकाळी सांगावी. कुणाच्या संस्थेत परदेशी निधी येत असेल तर तो यात आणू नये. 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

आता कोप्यांवरचं, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवरचं काम, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. शिबिर कारखान्याजवळच्या गाडी सेंटरच्या, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांच्या, तळावर घ्या. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या, टोळ्या शिवारात विखुरलेल्या असतात, त्यांना एका जागी गोळा करणं जमत नाही. सकाळची वेळ अजिबात नको. माणसं पहाटेच फडात गेलेली असतात, आणि खाडा पडला की तो आगाऊ घेतलेल्या उचलीत धरला जातो. संध्याकाळी पाच ते आठ ठेवा. बायका आधी परततात, पुरुष गाडीचा नंबर लागून वजन झाल्यावर येतात, म्हणून पहिले दोन तास बायका-मुलांचे. मुकादम, ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना तीन आठवडे आधी भेटा. तळावर उजेड नसतो, चार्जिंगचे चार दिवे लागतीलच.

नीट तपासायचं तर एका माणसाला पाच-सहा मिनिटं लागतात. दोन डॉक्टर तीन तासांत 60 ते 65 माणसं बघतील, तेवढेच टोकन काढा. दोनशे टोकन वाटले की तपासणी होत नाही, नुसत्या गोळ्या वाटल्या जातात. गाडी हाकून आलेल्या माणसाला लगेच रक्तदाबाचा पट्टा बांधू नका. पाच मिनिटं टेकून बसू द्या, पट्टा बाहीवरून बांधू नका आणि मिश्री किंवा तंबाखू अर्ध्या तासात घेतली का ते विचारा, नाहीतर आकडा चढलेलाच दिसेल. मलमपट्टीचं सामान भरपूर ठेवा. पाचटानं बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यांत काळी माती बसलेली असते, आणि कोयत्याचा जुना घाव फडक्यानं बांधलेला असतो. आधी धुणं, मग औषध, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का याची विचारपूस.

आई, बायकांच्या तपासणीपाशी तू आणि सिस्टर बसा. पडदा लावा, घाई करू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये केवढा गाजला, ते तुला आठवत असेल. अंगावरून जाणं, पोटात दुखणं असं कुणी सांगितलं तर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या, दुसरा सल्ला नको. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत, आणि शौच काळं झालं की बायका घाबरून गोळ्या बंद करतात. हे प्रत्येकीला वेगळं सांगावं लागेल. मुलांची लसीकरणाची कार्डं गावी राहिलेली असतात, म्हणून आशाताईंना बरोबर घ्या.

तळावर उपदेश, पत्रिका, बॅनर काहीच नको. कुणाला वाटायला नको की गोळीच्या बदल्यात काही मागितलं जातंय. आपण प्रार्थना करून जायचं आणि तिथं फक्त हात चालवायचे. फोटोही नकोत, फाटक्या कोपीसमोर घोंगडी देतानाचा तर नकोच.

रक्तदाब किंवा साखर निघालेल्यांची यादी, टोळीचं आणि मुकादमाचं नाव घालून, एका वहीत ठेवा. पाच दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा न जाणं हा त्या माणसावर अन्याय आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी फेरी ठेवा आणि तिची तारीख 25 च्या सभेतच जाहीर करा. मार्चपासून टोळ्या परतू लागतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातात त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी असू दे. आई, मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन आहेच. त्या चिठ्ठ्या लिहायचं काम सगळ्या मंडळ्यांच्या बायकांनी त्याच दिवशी एकत्र बसून करा.

बाबा, तुमची गुडघ्याची गोळी चुकवू नका आणि शेडमध्ये खुर्ची घेऊन बसा. मी 16 ला रात्री पोहोचते. रक्तदाबाची दोन यंत्रं आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा माझ्याबरोबर असेल.

तुमची,
लेक