क्षयरोग्याच्या घरच्यांना डाळ कधी देणार?

महोदय,

कालच्या अंकातला क्षयाच्या नव्या लसींवरचा लेख वाचला. लस येईल तेव्हा येवो, हवीच आहे. पण 'घरातल्यांना लागण होऊ नये म्हणून' या चौकटीत रुमाल, उघड्या खिडक्या आणि थुंकी यापलीकडे काही नाही, याचा राग आला. खाण्याबद्दल एक शब्द नाही!

झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेला 'रॅशन्स' अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला. निम्म्या गटात मात्र घरच्यांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, थुंकीच्या तपासणीत सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. डाळभाताने! आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला.

आमच्या शेजारी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांना क्षय झाला. दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला: अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे. वहिनींनी तो फडताळाच्या दाराला चिकटवला. त्या विड्या वळतात. रोज एक अंडं उकडायचं, ते नवऱ्याच्या ताटात. दूध त्यांना, वरण मुलांना. स्वतः भाकरी आणि लाल चटणी. मी विचारलं तर म्हणाल्या, "काकू, आजारी ते आहेत, मी कुठं आजारी आहे?" सरकारी पोषणाचे पैसे खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून अडकले आणि गोळ्या संपत आल्यावर जमा झाले. पुढच्या वर्षी वहिनींनाच क्षय निघाला. वजन ३६ किलो. त्यांना कुणी कागद दिला नव्हता, कारण त्या रुग्ण नव्हत्या!

नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाची रक्कम महिना ५०० वरून १,००० रुपये झाली, हे चांगलंच झालं. पण ती रुग्णाच्या नावावर येते. घरच्यांसाठीची शिध्याची टोपली दात्यांच्या भरवशावर. दाता भेटला तर मिळणार. ज्या घरात क्षयाचं निदान होतं, तिथे सहा महिने रेशनच्याच दुकानातून माणशी डाळ आणि जादा तांदूळ द्यायला काय हरकत आहे? दुकान आहे, कार्ड आहे, नावांची यादी दवाखान्यात आहे.

आणखी एक. त्या लेखाच्याच पानावर पोषण टोपल्या वाटपाचं छायाचित्र होतं. पाहुण्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या रुग्ण मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो. तिच्या लग्नाचं बघायला निघालेल्या आईबापांचा तरी विचार करायचा होता. यापुढे अशी छायाचित्रं छापू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर